उपडी ताटली

हातुवाएल, २ सप्टेंबर

ताहेर,

अंगणात लवंग वाळत घातली आहे आणि मी तिच्या राखणीला बसलो आहे. राखण कसली, कोंबड्या मला जुमानत नाहीत. पण वास असा चढला आहे की डोळे मिटले की मी थेट तिसरीच्या बाकावर जाऊन बसतो. डावीकडे तू, उजवीकडे मी. मानुपुट्टी गुरुजी खिडकीशी पाठमोरे, हातातली छडी समुद्राकडे रोखलेली. "बाहेर काय दिसतं ते पहिल्या दोन ओळींत सांगा, आत काय दुखतं ते पुढच्या दोन ओळींत." पहिल्या दोन माझ्या, पुढच्या दोन तुझ्या. तुला नेहमी सुचायचं. मला फक्त दिसायचं.

बातमी अशी, की दोन्ही गावांच्या राजांनी (आमच्या राजेसाहेबांची खुर्ची प्लास्टिकची असली तरी राजेच ते) ठरवलं आहे: नोव्हेंबरात आमच्या गावी भाऊपणाची जुनी शपथ पुन्हा तापवायची. तुमचं सगळं गाव होड्या भरून येणार. पोरं आत्तापासून नगाऱ्याची कातडी उन्हात ताणताहेत. प्रत्येक घरी एक-एक पाहुणा उतरेल. माझ्या घरी कोण, हे मी कोणाला विचारलंही नाही.

तुझी ताटली अजून उपडीच आहे.

आमच्या घरचा हा नियम तुझ्याइतका कोणाला ठाऊक! बाबा जेवता जेवता किनाऱ्यावरून "मासळी आली" अशी हाक ऐकली की तसेच उठायचे, आणि आई त्यांची ताटली उपडी घालायची. परत येऊन ती त्यांनीच सरळ करायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, लावला तर समुद्र माणूस परत देत नाही, असं आई म्हणायची. चर्चवाले आणि मशिदीवाले एकमेकांवर उठले, त्या वाईट वर्षांतल्या पहिल्या दिवशी तू बांगड्याचं पिवळं कालवण ओरपत होतास. शहराच्या बाजूला धूर दिसला. धक्क्यावरून होडीवाल्या ओम नुसचा बाप ओरडला, "पलीकडच्या गावचं जे कोणी असेल त्यानं आत्ता निघा! संध्याकाळी समुद्र कोणाचा असेल, सांगवत नाही!" तू उठलास. आईने ताटली उपडी घातली. पुढे आई वारली तेव्हाही मला एवढंच म्हणाली, "बास्त्यान, ती सरळ करायची नाही हं." वीस-बावीस वर्षं मी ताटलीभोवतीची धूळ पुसतो आहे.

रेनो म्हणतो, पापा, टेकडीवर जाऊन फोन करा. टेकडीवर दम लागतो, आणि दमात कविता सांगता येत नाही. म्हणून पत्र. ओम नुसच्या होडीतून.

या माझ्या दोन ओळी:

*लवंग वाळे अंगणी,*
*होडी हाले किनाऱ्याला;*

पुढच्या दोन तुझ्याकडे उधार नाहीत, तुझ्या हक्काच्या आहेत.

बास

&nbsp;

हातुवाएल, १९ सप्टेंबर

ताहेर,

तुझं उत्तर आलं. ओम नुसने ते टोपीत खोचून आणलं होतं. एकच ओळ. "सोहळ्याला येईन. तुझ्या घरी जेवणार नाही."

अक्षर तेच आहे. 'ज'चं पोट अजून तसंच फुगीर.

मी रागावलो नाही. तुझा धाकटा भाऊ इद्रिस तेव्हा शहरात मारला गेला ते मला कळलं, तेव्हा मी दोन दिवस लवंगेच्या झाडावरून उतरलो नव्हतो. आमच्या गावाचा त्यात हात नव्हता हे तुलाही माहीत आहे. पण घशाला पुरावे पटत नाहीत. घास अडतो तो अडतोच. तुझ्या जागी मी असतो तर एवढी एक ओळसुद्धा लिहिली नसती.

पण जेवणाचं म्हणशील, तर मला एक आठवण सांगू दे. नंतर तुझं तू ठरव.

तुझ्या गावात शाळा नव्हती म्हणून तुझा बाप तुला आमच्याकडे घेऊन आला, तो दिवस. तुझ्या नाकाला शेंबूड, काखेत सागूच्या भाकऱ्यांची चळत, त्या विटांसारख्या कडक. तुझ्या बापाने आईला एवढंच सांगितलं, "ताई, पोरगा तुझा. मार, झोड, विहिरीवर पाठव. फक्त डुकराचं त्याच्या पोटात जाऊ देऊ नकोस." आई म्हणाली, "दादा, पोटाचं काय घेऊन बसलास! ते त्याच्या भांड्यातसुद्धा जाणार नाही."

दुसऱ्याच दिवशी ती बाजारातून ते पातेलं घेऊन आली. तामचिनीचं, पांढरं, काठाला निळी रेघ. तू आणि मी त्यात डोकं घालून हाका मारल्या होत्या. घरात चूल एक, आई एक, मग दोन-दोन स्वयंपाक कोण करणार? सगळ्यांचंच त्या पातेल्यात शिजायला लागलं. डुक्कर आमच्या घरातून गेलं ते गेलंच. नाताळात खायचं तर बाबा मिन्चे आत्याकडे जायचे, गुपचूप, जुगार खेळायला निघाल्यासारखे. आत्या दारात उभी राहून विचारायची, "हे घर चर्चचं की मशिदीचं, एकदा सांगून टाका!" आई म्हणायची, "हे घर जेवणाऱ्याचं."

आजही लग्नात माझ्या पानात ते वाढलं की मी शेजारच्याच्या पानात सरकवतो. पाळक हसतात, "बास्त्यान, तुला कोणी मनाई केली?" मनाई कोणी केली नाही. माझी जीभ तुझ्या पातेल्यात वाढली, एवढंच.

आणि सुटीत तुझ्या गावी सागूच्या बनात! ते पाणी, ते हिरवं अंधुक ऊन, खोडाचा गर कुटल्याचा धप् धप् आवाज, जणू झोपलेल्या बेटाच्या छातीचे ठोके. तिथे कसलं पातेलं आणि कसलं काय. तुझी आई बांबूच्या नळ्यांत मासे भरून विस्तवावर कलती ठेवायची. सागूच्या झाडाचीच पन्हळ, तिच्यात सागूचंच पीठ, वरून उकळतं पाणी. घोटता घोटता पांढरी खळ एकदम काचेसारखी व्हायची (आपला पापेडा!), आणि आपण ती दोन काड्यांवर गुंडाळून, न चावता, सुर्रकन. कोण किती जोरात सुर्र करतो याची शर्यत. तू जिंकायचास. तुझं नाक मदतीला होतं.

ते पातेलं अजून आहे. वरच्या फळीवर, फडक्यात. तू दगडी पायरीवर आपटून पाडलेला खळगा आहे. तू होतास तोवर त्यात दुसरं काही शिजलं नाही. तू गेल्यावर काहीच शिजलं नाही.

म्हणून लिहिलं. आग्रह नाही.

बास

&nbsp;

हातुवाएल, १० ऑक्टोबर

ताहेर, लेका!

"आईचं तेच पातेलं असेल, तर जेवेन."

हे मी ओम नुसला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याला काही कळलं नाही, तरी तो म्हणाला, "मग होडीत जागा राखू का?" मी म्हटलं, राख, मधली, जिथे पाणी उडत नाही तिथली.

दुपारी डोळा लागला तर आई दिसली. विहिरीकडून येत होती. डोक्यावर हंडा नव्हता, ते पातेलं होतं, त्यात पाणी नव्हतं, नुसता उजेड होता, आणि तो सांडू नये म्हणून ती मान न हलवता चालत होती. मी हाक मारली तर म्हणाली, "थांब, दोघांना एकदमच वाढते." जागा झालो तेव्हा कोंबड्या लवंगेत होत्या.

आमच्या घरात आता एक नवं माणूस आहे, ते तुला सांगायचं राहिलं. रेनोने लग्न केलं. सून मिनाहासाच्या डोंगरातली, नाव युली. रेनो जहाजावर, त्यामुळे घरात ती आणि मी. पोर हसरी आहे, हाताला वेग आहे. पण आमची सागूची खळ बघून पहिल्या दिवशी म्हणाली, "पापा, याने आमच्याकडे कागद चिकटवतात."

"मग बघ, तू इथे कशी चिकटतेस ते," मी म्हटलं.

तिला भात लागतो. रेनोलाही आता भातच लागतो. दोष त्यांचा कसा म्हणू? आपल्याच पुस्तकात नाही का चित्र होतं, हिरवीगार भातशेती, बांधावर टोपलं घेतलेली आई, आणि खाली लिहिलेलं 'आपले अन्न'? अख्ख्या गावात भाताचं एक रोप नव्हतं. आपण ते चित्र बघून घरी जायचो आणि सागू खायचो, आणि आपलं अन्न ते कोणाचं हे गुरुजींना विचारायची माझी छाती कधी झाली नाही. तू एकदाच विचारलंस. गुरुजी छडी घेऊन खिडकीशी गेले. म्हणाले, "चित्र काढणारा लांबचा होता रे."

काल संध्याकाळी युलीला दोन गावांच्या शपथेची गोष्ट सांगितली. आमच्या पणज्यांची होडी तुमच्या किनाऱ्यावर फुटली, तुमच्या बनाने त्यांना अख्खा पावसाळा पोसलं, मग दोघांनी एकमेकांचं रक्त एका करवंटीत घेतलं. तेव्हापासून तुमच्या मशिदीचे खांब आमचे लोक वाहणार, आमच्या चर्चचं छप्पर तुमच्या सागूच्या पानांनी शाकारणार. एकमेकांत लग्न नाही, कारण आपण भावंडं. मागितलेलं नाकारायचं नाही.

ती म्हणाली, "म्हणजे ते आले आणि म्हणाले, युली, तुझी ही कर्णफुलं दे, तर द्यायची?"

"द्यायची."

"मग मी त्या दिवशी पितळेची घालते."

तुला आवडेल ती.

नोव्हेंबर किती लांब ठेवलाय या कॅलेंडरवाल्यांनी!

बास

&nbsp;

हातुवाएल, २८ ऑक्टोबर

ताहेर,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. पहिल्या दोन्हींत हवामान फार झालं.

परवा मी लवंग घेऊन सापारुआच्या बाजाराला गेलो होतो. माझ्यामागे सोहळ्याचं ठरवायला चर्चची वडीलमंडळी आमच्या घरी आली. युली एकटी. घरात पहिल्यांदाच असे मानाचे लोक, सासरा बाहेर, नवरा समुद्रावर. शेजारी डुक्कर कापलं होतं, त्यांनी वाटा पाठवला. ती मिनाहासाची, मानाच्या माणसांना दुसरं काय वाढतात हे तिला ठाऊकच नाही. घरातली रोजची भांडी काळवंडलेली. तिने फळीवरचं फडकं सोडलं.

मी अंगणात पाऊल टाकलं तेव्हा वास आला. चुलीवर पांढरं पातेलं, काठाला निळी रेघ.

"पापा, बसा ना! सगळे म्हणाले, असं आम्ही कधी खाल्लं नाही," ती हसत म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. "काय झालं?"

मी फळीकडे बोट केलं.

"एवढं लखलखीत, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. मला वाटलं, पाहुण्यांचं असेल."

"पाहुण्यांचंच आहे ग," मी म्हणालो.

तिला मी रक्ताची करवंटी सांगितली, खांब सांगितले, छप्पर सांगितलं. पातेल्याचं सांगितलं नाही. का नाही? कारण या बेटावर ते कोणाला सांगावंच लागत नाही. भाऊगावच्या पाहुण्याचं पातेलं कुठलं, हे पोरांना चालायच्या आधी कळतं. कोणी कोणाला शिकवलेलं मला आठवत नाही. तुला आठवतं? जे सगळ्यांना ठाऊक असतं ते नव्या माणसाला कोणीच सांगत नाही. ती चुलीशी बसून रडत राहिली आणि मी तिला 'रडू नकोस' म्हणायचं सोडून खळग्याकडे बघत राहिलो.

मग मिन्चे आत्या आली. हो, आहे अजून. मोतीबिंदूने डोळे दुधाळ झालेत, जीभ मात्र सुरीसारखी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यात रडायचं काय मेलं? बाजारात तशीच पातेली डझनाने मिळतात. नवं आण. कोणाला कळणार आहे?"

"आत्या, खळगा?"

"खळगा काय देवाने पाडला होता?"

मी काल परत बाजारात गेलो, ताहेर. गेलो. आणलं. पांढरं, निळ्या रेघेचं, अगदी जुळं भावंड. आत्याने मुसळ मागवलं. युली म्हणाली, "जुनं शेजारी ठेवू का, बघून करायला?" तर आत्या तिच्यावर खेकसली, "माझ्या लक्षात आहे! तुझा सासरा चड्डीत होता तेव्हापासून मी तो खळगा बघते आहे!" आणि दिला ठोका. तामचिनीचा टवका उडाला. आत्याने बोटांनी चाचपून पाहिलं, खूश झाली. म्हणाली, "घे. आता हे तुझ्या आईचं."

रात्रीच्या जेवणाला मी फक्त चहा घेतला.

ते पातेलं आत्ता माझ्यासमोर आहे. स्वच्छ आहे. कोणी त्यातून खाल्लेलं नाही. त्यात शिजवून तुला वाढलं तर तुझ्या धर्माला काही लागणार नाही. तू सुर्र करशील, ताटली सरळ होईल, आणि मी तुझ्यासमोर बसून प्रत्येक घासाला खोटा होत जाईन. तू लिहिलंस, 'तेच असेल तर'. ते तेच नाही, ताहेर. तेच जे होतं, त्यात परवा डुक्कर शिजलं.

मुद्दाम नाही. तरी शिजलं.

आता तुझं तू ठरव, असं मी मागे सहज लिहिलं होतं. या वेळी ते लिहिताना हात जड झाला आहे. तू आलास आणि जेवला नाहीस, तर ती ताटली मी जाईपर्यंत तशीच राहील, आणि माझ्यामागे कोणीतरी ती उचलून धुऊन टाकेल. मला भीती आहे ती एवढीच.

पोरीवर राग धरू नकोस. धरायचाच तर माझ्यावर धर.

बास

&nbsp;

हातुवाएल, ९ नोव्हेंबर

ताहेर,

ओम नुस रिकाम्या हाताने आला. मी विचारलं, दिलंस ना पत्र? म्हणाला, "दिलं. त्यांनी धक्क्यावर उभ्यानेच वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं."

"आणि?"

"आणि माझ्या होडीचं वल्हं बघितलं. म्हणाले, हे फाटायला आलंय."

यातून मी काय समजू? मानुपुट्टी गुरुजी म्हणायचे, कवितेत जे लिहिलेलं नसतं त्याला गुण जास्त. परीक्षेत ते कधी कोणाला मिळाले नाहीत.

गाव सजलं आहे. चर्चच्या मैदानात केळीच्या पानांची लांबच लांब पंगत मांडायची आहे, ती दोन्ही गावांची. तिथे तू जेवशील, मला माहीत आहे. तिथे आचारी तुमचेच आहेत. मी माझ्या टेबलाचं बोलतो आहे.

युलीने जुनं पातेलं मागच्या दारी नेऊन ठेवलं, समुद्रात टाकते म्हणाली. मी टाकू दिलं नाही. काल संध्याकाळी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता तिने एकदम विचारलं, "पापा, ते सागूच्या बनात तुम्ही कशात शिजवायचात?"

"बांबूत. आणि झाडाच्या पन्हळीत."

"मग?"

"मग काय?"

"आमच्या डोंगरात मोठं जेवण असलं की पातेलं काढतच नाहीत. सगळं बांबूत. हिरवा बांबू तोडायचा, एकदा शिजवायचं, फोडायचं, विस्तवात टाकायचा. पातेल्याला आठवण असते, पापा. बांबूला नसते."

मी तिच्याकडे बघत राहिलो. दाणे सगळे एकाच कोंबडीने खाल्ले.

आज तिने स्वतः जाऊन बांबू निवडला. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे डुकरं पोहोचत नाहीत. कोयता नवा घेतला. आत्या ओट्यावरून ओरडत होती, "अग, माझ्या पातेल्याचं काय? मुसळाने माझा खांदा गेला!"

हे पत्र तुला मिळेपर्यंत बहुतेक तूच होडीत असशील. तरी लिहिलं. लिहिल्याशिवाय मला वाट बघता येत नाही.

बास

&nbsp;

हातुवाएल, २० नोव्हेंबर

ताहेर,

तू गेलास त्याला आठवडा झाला. घडलं ते सगळं तुझ्या डोळ्यांसमोर घडलं, तरी लिहितो. म्हाताऱ्याला गोड घास परत परत घोळवायचा असतो. आणि काही तुझ्या पाठीमागेही घडलं.

नगारे वाजत होते, पोरं पाण्यात शिरून होड्या ओढत होती, आणि तू मधल्या जागेवर बसला होतास, जिथे पाणी उडत नाही. केस पांढरे. इतके पांढरे होतील असं मला वाटलं नव्हतं. माझ्या मनात तू त्या दिवशीचाच होतास. तू उतरलास आणि मला म्हणालास, "म्हातारा झालास रे." मी म्हटलं, "तू नाही झालास?" तू म्हणालास, "मी आलो, म्हणजे नाही झालो."

मैदानातल्या पंगतीत तू दोनच घास खाल्लेस. मी मोजत नव्हतो, पण दिसलं. मला वाटलं, संपलं. नंतर कळलं की पोटात जागा ठेवत होतास.

घरी आलास तेव्हा स्वयंपाकघरात युली त्याच त्या नळ्या पुन्हा पुन्हा पुसत होती, हे तू पाहिलं नाहीस. बांबू फोडताना तिने ओठ चावला. आत्या तिला म्हणाली, "घाबरतेस काय? लहानपणी मी त्याच्या पाठीत धपाटे घातलेत. आहे काय तो!" आणि स्वतः मात्र केस नीट करून बसली.

तू दारात उभा राहून विचारलंस, "कुठल्या पातेल्यातलं?"

युली म्हणाली, "कुठल्याच नाही, काका."

तू वाकून पाहिलंस. हिरव्या नळ्या फुटलेल्या, आत बांगडा, हळद, लिंबाचा पाला. पन्हळीत काचेसारखी खळ. तुमच्याच बनातली, ओम नुसने आणलेली. मग म्हणालास, "पहिल्यांदा होडी फुटली तेव्हा आपल्या पणज्यांकडे पातेलं कुठे होतं?" आणि टेबलाशी आलास, आणि ताटली सरळ केलीस.

तिच्याखाली लाकडावर एक गोल होता, ताहेर. बाकी टेबल काळवंडलं, तेवढा गोल मात्र ताज्या लाकडासारखा पिवळा. चंद्र जणू. तू त्यावर तळवा ठेवलास. आणि मला आईचा आवाज ऐकू आला. खोटं वाटेल, पण आला. "थांबा, दोघांना एकदमच वाढते."

आणि मग सुर्र! अजूनही तूच जिंकतोस. युली दाराआडून हसत होती. तुला ऐकू आलं नसेल. तुला आता डाव्या कानाने कमी ऐकू येतं असं वाटलं.

त्यानंतर तू म्हणालास, "आता ती दोन्ही पातेली बघू." मी आणली, शरमेने मेल्यासारखा. तू एक हातात घेतलंस, दुसरं घेतलंस, आणि इतका हसलास की तुला ठसका लागला. "मिन्चे आत्या! खळगा बुडाशी होता! तू गळ्याशी पाडलास!"

"काही नाही, बुडाशी तुझ्याच डोळ्यांना दिसतो!" आत्या म्हणाली. "नवं आहे, चांगलं आहे, मुकाट्याने घे!"

"घेतलं," तू म्हणालास. "आत्याने माझ्यासाठी स्वतः पाडलेला खळगा आहे, हा दुसऱ्या कोणाच्या पातेल्याला नाही. हे फळीवर ठेव, बास. हे माझं."

मग आईचं पातेलं तू युलीच्या हातात दिलंस. ती मागे सरली. तू म्हणालास ते मी रोज सकाळी चुलीशी बसून आठवतो. "घे ग. आईने हे परगावच्या पोरासाठी घेतलं होतं. आता या घरात परगावची पोर तू आहेस. यात तुझ्या डोंगराचं काय असेल ते शिजव." आणि तिने खरंच कानातली कर्णफुलं काढून तुझ्यापुढे धरली, पितळेची नाहीत, सोन्याची. तू म्हणालास, "मला ही घालून मशिदीत जाता येणार नाही." ती रडली, हसली, आणि कर्णफुलं परत घातली.

आता जायच्या वेळचं. माझं तिथे काहीतरी राहिलं आहे.

तुझ्या बायकोने पाठवलेल्या सागूच्या भाकऱ्यांतली एक तू घेतलीस. चहात बुडवून बसलास. धक्क्यावरून हाका येत होत्या, भरती होती, घाई होती, पण कसलीच भीती नव्हती. मला ते विचित्र वाटलं, हाका तशाच आणि भीती नाही. तू भाकरी अर्धी मोडलीस. एक अर्धी खाल्लीस. दुसरी ताटलीत ठेवलीस, उठलास, आणि स्वतःच्या हाताने ताटली उपडी घातलीस.

मी ओरडलो, "अरे, काय करतोस हे!"

तू चपला घालत होतास. मान वर न करता म्हणालास, "ही भाकरी वर्षभर टिकते. पापेडा टिकला नसता." मग पायरीवर थांबलास, जिथे खळगा पाडला होतास तिथेच, आणि समुद्राकडे बघत, गुरुजींच्या वर्गात म्हणायचास तशा, हात मागे बांधून:

*जातो अर्धाच जेवुनी,*
*भूक असू दे घराला.*

मी वर्गातल्यासारख्या टाळ्याच वाजवल्या.

युलीने काल त्या टेबलावर फडकं फिरवलं. ताटलीपाशी आली आणि भोवतीनं पुसत गेली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

लवंग वाळून पोत्यात गेली. अंगण रिकामं आहे, कोंबड्या उदास आहेत. पुढच्या लवंगेला ये.

बास